पाण्यातली पेन्सिल

कुठेतरी पाणी मुरत होतं. किमचीच्या लोणच्यासाठी आणलेलं मीठ पुन्हा कमी भरलं, नावेतली बॅटरी गायब झाली आणि बंद न्हाणीघरातून ब्लीचिंग पावडरचा वास! नवरा म्हातारपणी सदऱ्यावरचे कुणाच्या लिपस्टिकचे डाग धुतोय? ओक्बुनने हटकलंच, “अहो, मिठाला पाय फुटले काय?” “गुडघे शेकतो गं,” म्हणत नवरा सिगारेट आणायला सटकला. तिने न्हाणीघर उघडलं. बादलीतल्या मिठाच्या पाण्यात बॅटरीला जोडलेल्या दोन पेन्सिली फसफसत होत्या; एकीवरून तोच ब्लीचिंग पावडरचा वास सुटत होता आणि दुसरीवरचा हायड्रोजन नळीतून फुग्यात भरत होता. फुग्याला चिठ्ठी बांधलेली. युद्धात सीमेपलीकडे, उत्तर कोरियात अडकलेल्या त्याच्या पहिल्या बायकोचं नाव, खाली एकच ओळ: ‘मी अजून एकटाच आहे.’ तीस वर्षं ओक्बुन त्याचं पान वाढत होती. तिने पाण्यातली पेन्सिल उपसली, पुसली आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘खोटं बोलतोय. पण काळजी नको, नीट जेवतो.’