सासूबाईंची वाटी

तोमिएबाईंनी कुकरमधला पहिला वाफाळता भात वाटीत काढला आणि पितरांच्या देव्हाऱ्यात, सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवला. नेमके तेव्हाच पाद्रीसाहेब दारात आले.

नॉर्वे सोडून जपानमधल्या या कोळ्यांच्या गावात येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. तीस वर्षांत बाप्तिस्मा घेणारी गावातून ही एकच बाई निघाली. तिच्या सासूला जाऊन दोन महिने झाले, म्हणून ते विचारपूस करायला आले होते. समोरचं बघून ते बुटांसकटच घरात शिरले.

"तोमिएबाई, तुम्हीसुद्धा?"

"आधी बूट काढा."

त्यांनी मुकाट्याने बूट काढले. "रविवारी प्रभूची गीतं गायची आणि घरी पितरांना भात वाढायचा? हे आजपासून बंद करा."

"नाही करणार."

"मेलेली माणसं जेवत नाहीत, एवढं तरी पटतं ना?"

"पटतं की."

"मग हा हट्ट कशासाठी?"

तोमिएबाईंनी वाटी आणखी पुढे सरकवली, फोटोतल्या त्या घट्ट मिटलेल्या ओठांपर्यंत.

"तुम्ही माझ्या डोक्यावर पाणी घातलंत ना, त्या दिवसापासून मरेपर्यंत ह्या सासूबाईंनी माझ्या हातचं शीत तोंडात घेतलं नाही. बाटलीस म्हणाल्या. अठरा वर्षं रोज वाढत होते आणि रोज ह्या वाटी दूर सारत होत्या." त्यांनी फोटोकडे रोखून पाहिलं. "आता सारून दाखवा म्हणावं."