भिंतीवरची जागा

"पेढे आणलेत ताई, पण वर्ग सुटल्यावर देते," बाळाला छातीशी धरून रेवती दारातच घुटमळली.

"का गं? सगळ्यांसमोर वाट की!" हेमलताताई म्हणाल्या. आत त्यांच्या वर्गातल्या गरोदर बायका चटयांवर बसून श्वासाचा सराव करत होत्या. समोरची भिंत बाळांच्या फोटोंनी भरली होती.

"नको. माझं सिझर झालं." रेवतीनं मान खाली घातली. "तुम्ही शिकवलेलं सगळं केलं हो. बाळाचे ठोके मंदावले, तरी मी डॉक्टरांना थांबा, थांबा म्हणत होते. शेवटी आईनं रडून सही करायला लावली. म्हणून... फोटो नाही आणला."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. नॉर्मल झालेल्यांचेच फोटो लावायची पद्धत त्यांनीच पाडली होती. बायकांना हुरूप येतो, म्हणून.

त्यांनी रेवतीला हाताला धरून आत नेलं. मग स्वतःच्या पर्समधला एक जुना फोटो काढून भिंतीवर मधोमध चिकटवला.

"ही कोण?" एकीनं विचारलं.

"माझी लेक. सिझरचीच. लहानपणी विचारायची, आई, माझा फोटो का नाही गं इथं?" ताईंनी फोटोचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबला. "मी सांगायचे, जागाच नाही."