वायर काढल्यावर

धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं काम करणाऱ्या हाशमने आपल्या लेकीसाठी, अफरीनसाठी, कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमची बैठक स्वतः जोडली होती. जुन्या गाडीची सीट, पुढे स्टिअरिंग, पायाशी पेडल. घर दोनच खोल्यांचं, म्हणून त्याने प्रत्येक वायरला ओढताच सुटणारी पिन लावली. पाहुणे आले की अफरीन दोन मिनिटांत सगळं सोडवून दिवाणाखाली सरकवायची.

पारोळा रस्त्याच्या वळणावर तिची स्कूटर ट्रकखाली गेली.

तिच्या चाळिसाव्याला, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, फैजपूरचे नातेवाईक येणार होते. त्या सकाळी जैनब नवऱ्याला म्हणाली, "आता तरी काढा ते. माझा हात नाही धजत."

हाशमने पिना ओढल्या. त्या इतक्या सहज सुटल्या, की त्याला भरून आलं. स्टिअरिंग त्याने ते फिरवणाऱ्या मोटारीच्या खोक्यासकट दिवाणावर ठेवलं आणि पेडल उचलायला तो वाकला.

मागे बारीक घरघर झाली.

स्टिअरिंग डावीकडे फिरत होतं. सावकाश, सराईत हाताने फिरवावं तसं. त्याची वायर दिवाणावरून मोकळी लोंबत होती.

जैनब दारात उभी होती. ती ओरडली नाही. हलकेच म्हणाली, "वळण आलं. तिला सांगा ना, ब्रेक लाव म्हणावं."

हाशम गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ब्रेकचं पेडल दाबायला गेला.

ते आधीच तळापर्यंत दाबलेलं होतं.