एक फट नाय

तळवलीतल्या त्या जुन्या भाड्याच्या खोलीत खाडीवरचा वारा चहूकडून घुसायचा. सुचिताच्या तान्ह्या पोरीचा खोकला हटेना. घरमालक कुंदनशेठपुढे तिने तीनदा तोंड वेंगाडलं. "दोन महिन्यांची तर थंडी," एवढंच तो म्हणाला. शेवटी तिनेच भिंतीच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या, पत्र्याखाली शेठच्याच वाढदिवसाचा बॅनर ताणून बांधला. पोर खोकायची थांबली.

थंडी सरायच्या आत अकरा महिन्यांचा करार संपला. शेठ नव्या भाडेकरूला खोली दाखवायला घेऊन आला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "बघा, एक फट नाय. घर कसं उबदार हाय." बॅनरवरचा शेठ वरून हात जोडत होता. खालचा सुचिताला म्हणाला, "जाताना यातलं काय काढू नको हां. आता ते घराचं हाय."