आरशातली मुलगी

हात पसरून उभं राहायला कोहारूला गंमत वाटत होती. लाल किमोनोच्या लांब बाह्या दोन्हीकडे लोंबत होत्या. ती जरा हलली, की त्यांच्यावरचे पांढरे करकोचेही हलत. खिडकीबाहेरचं गिंकोचं झाड इतकं पिवळं झालं होतं, की खोलीतला उजेडसुद्धा पिवळाच होता. आज सात वर्षांच्या मुलींनी नटूनथटून देवळात जायचं.

“हलू नकोस गं, करकोचे उडून जातील,” तोमिए आजी म्हणाली.

“जाऊ देत. देवळातल्या लांब गोळ्या मिळाल्या म्हणजे झालं.”

कोहारूची आई साएको स्वतःचा किमोनो नेसून, वर पट्टा बांधून दाराशी उभी होती. यंदा आजीनं हट्टच धरला होता, पोरीला मीच नेसवणार.

“माझ्या वेळी शेजारच्या ओकुदाकाकूंना बोलावलंस,” साएको म्हणाली. “स्वतः अंगणात जाऊन उभी राहिलीस. नातीची मात्र हौस!”

आजीनं किमोनोची डावी बाजू आत घेतली, उजवी तिच्यावरून आणली आणि झोपलेल्या मुलाला पांघरूण घालावं तशी हलक्या हातानं चापून बसवली.

“आई! अगं, हे काय केलंस?” साएको धावतच आली. “उजवी बाजू वर? असं मेलेल्या माणसाला नेसवतात! आणि आजच्या दिवशी, पोरीला?”

आजीचे हात होते तिथेच थांबले.

कोहारू आरशात बघत होती. “पण आरशातल्या मुलीची डावीच वर आहे,” ती म्हणाली. “तिचं बरोबर आहे.”

आजीनं मान वर केली. आरशातल्या पिवळ्या उजेडात लाल किमोनोतली एक मुलगी उभी होती. जिवंत माणसासारखी नेसलेली, देवळात जायला निघालेली. तिच्या मागे, कोपऱ्यातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात फुमीचा लहानसा फोटो दिसत होता. फुमी साएकोची थोरली बहीण. साएको जन्मायच्या आधीच, सातव्या वर्षी गेलेली.

“घटकाभर राहू दे तिला अशीच,” आजी म्हणाली. “आजवर एकाच मुलीला नेसवलंय गं मी. हातांना तेवढंच ठाऊक.”

साएको फोटोकडे बघत राहिली. मग ती खाली बसली. आईचे गार हात तिनं आपल्या हातांत घेतले आणि दोघींनी मिळून उजवी बाजू आत घेतली, डावी वर आणली.

“आता निघायचं?” कोहारूनं विचारलं.

“थांब जरा,” साएको म्हणाली. तिनं नीट बांधलेला स्वतःचा पट्टा सोडला आणि लेकीसारखेच दोन्ही हात पसरून तोमिएसमोर उभी राहिली.

“आता मला नेसव, आई.”