काचेवर दोघी

"आधी टॉन्सिल," असं म्हणून मॅडम मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळे लावून बसल्या.

पहिली नळी टकलू डॉक्टरांकडे होती. घरच्या माणसाची काच स्वतः वाचायची नाही, हा लॅबचा नियम मॅडमनीच केलेला. आज तो त्यांच्यावरच उलटला होता. काचेवर त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मानेतल्या गाठीचा काप होता. साध्या रंगात लिम्फोमा हा कॅन्सर की नुसती सूज, ते कळेना. इतर प्रथिनांच्या तपासण्या सुजेच्या बाजूने बोलल्या, पण गाडं अडलं बीसीएल-टू या एका प्रथिनापाशी. ते असेल तिथे तपकिरी रंग चढतो. गाठीतल्या गोलांचा गाभा तपकिरी झाला तर कॅन्सर. गाभा फिका आणि भोवतीचं कडं तपकिरी, तर सूज.

पण रंगच चढला नसेल तर गाभा फिका राहणारच. म्हणून प्रत्येक काचेच्या टोकाला कॅन्सर नसलेल्या टॉन्सिलचा तुकडा, ताडून बघायला; तिच्यातही असेच गोल असतात. इथली टॉन्सिल खुद्द मॅडमची. काढल्यावर टाकवेना, म्हणून त्यांनी ती कामाला लावली. तेव्हापासून सगळी लॅब मॅडमच्या घशात बघून निदान करते, असं टकलू डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

धाकटीबद्दलची मॅडमची तक्रारही लॅबला पाठ होती. फ्रॉक, वेणी, अक्षर, आता चष्म्याची फ्रेमसुद्धा. सगळी आपलीच नक्कल. ती बाहेर बाकावर बसून तोच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होती.

घाई हा प्रकार टकलू डॉक्टरांच्या गावीही नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मागे नेली, सावकाश फोकस फिरवला. फिका गाभा, तपकिरी कडं. शेजारी तसाच दुसरा गोल. मॅडमचा श्वास सुटला.

"सूजच आहे हो. मी म्हणत नव्हते?"

"या तुम्ही आहात," डॉक्टर म्हणाले. "आधी टॉन्सिल म्हणालात ना."

त्यांनी काच सरकवली. मधली कोरी जागा संपता संपेना. मग गोल आले. फिका गाभा, तपकिरी कडं.

"परत माझ्यावर कशाला आलात?" मॅडमचा आवाज चढला. "गाठ दाखवा, गाठ."

नळीवरून डोळे काढा, एवढीच खूण डॉक्टरांनी केली. मॅडमनी पाहिलं. प्रकाशाचा ठिपका काचेच्या दुसऱ्या टोकाखाली होता, टॉन्सिलपासून लांब. त्या पुन्हा नळीवर वाकल्या. सगळी गाठ पालथी घातली, मग स्वतःची टॉन्सिल, मग परत गाठ.

निकाल नियमाप्रमाणे डॉक्टरांनी सांगायचा होता. ते तोंड उघडेपर्यंत मॅडम दाराबाहेर होत्या.

धाकटी उभी राहिली. चष्मा हातातच. मॅडमनी तो काढून घेतला आणि तिच्या नाकावर नीट बसवला.

"आतूनसुद्धा माझीच नक्कल केलीस," त्या म्हणाल्या.