सावलीतल्या चपला

हॉटेल मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. करणाऱ्या प्रियदर्शनीचे गाईड तिच्या गावी, केदारखेड्याला जेवायला आले, तेव्हा तिच्या आईनं त्यांच्या उन्हातल्या चपला हातानं उचलून सावलीत ठेवल्या.

प्रियदर्शनी लाजेनं अर्धमेली झाली. "आई, सरांच्या चपला कशाला उचलतेस?"

"मंग जाताना पाहुण्याचे पाय भाजू देऊ का? ठिव तुहं कॉलेज तुह्यापाशी!"

दुसऱ्या दिवशी आई अचानक गेली.

वर्षभरानं तोंडी परीक्षेत प्रियदर्शनीनं पाहुणचाराच्या तीन व्याख्या लेखक-सालासकट धडाधड सांगितल्या.

"चौथी?" परीक्षकांनी विचारलं.

"पाहुण्याच्या चपला सावलीत ठेवणं."

गाईड खुदकन हसले. परीक्षकांनी पेन उचललं. "संदर्भ?"

"गोपिकाबाई, केदारखेडा," ती ठसक्यात म्हणाली. "माझी आई."